विज्ञानाची जागा अजून रिकामी आहे

तू जमवून दिलेला नातजावई परत घेऊन जा. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर बाकीच्या मजकुरात राहून जाईल. स्थळ तू आणलंस. मुलगा शिकलेला आहे, कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवतो, कधी आवाज चढवून बोलत नाही, असं छातीवर हात ठेवून तू सांगितलंस आणि मी मान डोलावली. आवाज चढवत नाही हे खरं आहे. पण न चढवता त्याने आमच्या घरात जे करून ठेवलंय, ते दहा ओरडणाऱ्यांना मिळून जमलं नसतं. माझी खिडकी जायची वेळ आली आहे, बारके, आणि ती वाचवायला या वयात मला संसद चालवावी लागते आहे. ती पण माळ्यावर.

असो. आता रीतीचं. बारकीला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, लागतील तितके काढून घे, उरले तर सुनेला दे. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण विचारलं की तुझ्या सुनेच्या गोल गोल अक्षरात 'सर्व क्षेम आहे' एवढीच ओळ येते, आणि त्या ओळीवरून तू चालती-बोलती आहेस की भिंतीवर फ्रेममध्ये जाऊन बसली आहेस, काही म्हणजे काही कळत नाही. सध्या कुठल्या लेकाकडे आहेस तेही ठाऊक नाही. मागे मधल्याकडे होतीस, त्याआधी थोरल्याकडे. तुझ्या लेकांनी तुला अशी वाटून घेतलीय की ट्रंकेतलं शेवटचं लुगडं बाहेर काढेपर्यंत पुढच्या घरी जायची वेळ होते. पत्र थोरल्याच्या पत्त्यावर टाकते आहे. तुझ्यामागून फिरत फिरत ते तुला गाठेल. माझं म्हणशील तर डावा गुडघा कामातून गेला, उजवा त्याच्याकडे बघून शिकतो आहे. दात आहेत तितके आहेत. जीभ शाबूत आहे (घरात सगळ्यांना वाटतं, तीच आधी जायला हवी होती).

तू येऊन गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की घर पुन्हा सांगायला हवं. गाद्यांचं दुकान तसंच आहे. पुढच्या दालनात माझा थोरला पिंजणयंत्रावर कापूस पिंजतो. त्या यंत्राच्या घरघरीने त्याला आता निम्मंच ऐकू येतं, आणि ते निम्मं त्याची बायको ठरवते. मधला खोळी शिवतो आणि गल्ल्यावर बसतो. धाकटा गाद्या टेम्पोत घालून लोकांच्या घरी पोचवतो, म्हणून त्याला वाटतं जग फक्त त्यानेच पाहिलंय. दालनावर माळा आहे. तयार गाद्या तिथे ठेवतो आणि रस्त्याच्या बाजूने कप्पीला दोर लावून वर-खाली करतो. मागे आणि वर मिळून तीन चुली आहेत आणि तीन चुलींना नळ एक. आणि दालनाच्या पुढच्या भिंतीत माझी खिडकी. तिथे बसून मी हातात दाभण घेऊन गादीला टाके घालते. गादी भरणं कुणालाही येतं, पण टाका पडला नाही तर महिन्याभरात कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो आणि गिऱ्हाईक डोंगरावर झोपतं. टाके घालता घालता रस्ता बघते. कोण कुणाच्या घरी जातंय, कोण जाऊन लगेच परत येतंय, कुणाच्या पिशवीत काय आहे, हे मला त्या-त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं. एवढंच माझं सुख. फार मोठं मागत नाही मी.

तर नातजावयाच्या घराचं रंगकाम काढलं, म्हणून थोरल्याची लेक आणि तो 'चार दिवस' राहायला आले. आता तो रंग वाळून त्याला पोपडे धरायची वेळ आली असेल, पण यांचा मुक्काम हलत नाही. आल्या दिवशीच त्याने नळावरचं भांडण पाहिलं. तीन सुना, तीन बादल्या, आणि मागे आपापल्या बायकोची बाजू घेऊन उभे तीन लेक. (एकदा थोरला ऐकू न आल्यामुळे धाकट्या सुनेच्या बाजूने भांडला. त्या दिवशी त्याला त्याच्या चुलीवर जेवण नव्हतं, आणि धाकटीच्या चुलीवर जायची त्याची छाती नव्हती.) नातजावई शांतपणे म्हणाला, तुमच्या घरात प्रेम भरपूर आहे, पद्धत नाही. मग त्याने पद्धत काढली. दुकान बंद झालं की पुढच्या दालनात घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांनी बसायचं, एकेकाने बोलायचं, हात वर करून मतं द्यायची. याला त्याने खालचं सभागृह म्हटलं. पहिला ठराव नळाचा. झाला की मंजूर! मी खोटं बोलणार नाही, आठ-दहा दिवस बरं चाललं. भांडणं तीच होती, पण भांडायच्या आधी लोक हात वर करायला लागले, आणि हात वर असताना बादली उचलून मारता येत नाही.

माणसाला बसायला जागा दिली की तो पाय पसरतो. धाकट्याने एक दिवस विधेयक आणलं. (विधेयक म्हणजे अजून कायदा झाला नाही, पण व्हायच्या गुर्मीत आहे असा कागद.) पुढची भिंत पाडायची, जमिनीपासून छतापर्यंत एक अखंड काच लावायची, काचेमागे फोमच्या गाद्या दिव्यात मांडायच्या. आणि खाली बारीक आवाजात, आईची व्यवस्था मागच्या खोलीत करायची. व्यवस्था! बारके, व्यवस्था सामानाची लावतात. मागची खोली म्हणजे जुन्या खोळी, मोडका तराजू आणि एक खाट. मी काय ते बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतलं, कारण पद्धत आहे, आणि मग हात वर केले. इतके हात वर गेले की मला वाटलं छतातून काही पडतंय आणि सगळे ते झेलतायत. माझी सख्खी नातसुद्धा त्यात होती. तिला नवऱ्याने सांगितलं होतं म्हणे, की सदसद्विवेकाला विचारून मत दे. तिच्या सदसद्विवेकाला काचेचं दुकान आवडलं.

मी सांगून टाकलं, मी खिडकीत बसणार, भिंत पाडायची तर माझ्यासकट पाडा. धाकटा म्हणाला, आई, असं बोलू नकोस, मजुरीचा दर वाढेल. यावर सगळे हसले, आणि तेवढ्यात नातजावयाने घसा साफ केला. तो म्हणाला, हा अजून कायदा नाही. देशाच्या संसदेत खालच्या सभागृहाने मंजूर केलेलं वरच्या सभागृहातही मंजूर व्हावं लागतं. खाली लोक तावातावाने बोलतात, वर थंड डोक्याने पुन्हा विचार करतात. मी विचारलं, आपलं वरचं कुठाय? तो म्हणाला, अजून बनलेलं नाही. मी म्हटलं, मग बसलायस काय, बनव!

तेव्हापासून माझ्या डोक्याला जो ताप आहे तो वर्णन करून सांगते. पहिली गोष्ट, वरच्या सभागृहात लोक थेट निवडून जात नाहीत. देशात जे वेगवेगळे प्रांत असतात ना, तिथल्या निवडून आलेल्या लोकांनी आपापसांत मतं देऊन वर माणसं पाठवायची. कुठे लहान-मोठ्या सगळ्या प्रांतांना सारख्याच जागा, कुठे डोकी मोजून कमी-जास्त, आणि कुठे म्हणे बाप गेला की मुलगा त्याच्या जागेवर बसायचा. (ही शेवटची पद्धत आपल्या दुकानात आहेच, आणि तिचं काय झालं ते बघतेच आहे.) आपल्याकडे प्रांत नाहीत, चुली आहेत. म्हणून प्रत्येक चुलीने माणूस पाठवायचा ठरलं, डोकी मोजून. लगेच डोक्यांवरून भांडण. थोरल्याची चूल मोठी, तिला दोन जागा मिळाल्या. मधल्याला वाटलं आपल्यालाही दोन हव्यात, म्हणून त्याने आपली सासूही मोजायला लावली. ती डोळे दाखवायला म्हणून आली आहे आणि अजून तिला सगळं धूसर दिसतं, फक्त माझ्या ताटातलं स्पष्ट दिसतं. तिला धरूनही दुसरी जागा मिळाली नाहीच, पण विहीणबाईंचं नाव मात्र त्या चुलीत कायम झालं. हे पुढे नडलं.

कारण निवडणुकीची तऱ्हा अशी, की एका नावावर खूण करायची नसते. सगळ्या नावांपुढे पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे घालायचे. पहिल्या पसंतीत कुणी निवडून आलं नाही तर दुसरी पसंती बघायची. मधल्याच्या चुलीत मधला, त्याची बायको, मोठा मुलगा आणि विहीणबाई. चौघांनी पहिला आकडा स्वतःपुढे घातला. (मी विचारलं तर मधला म्हणाला, गुप्त मतदान आहे. चार माणसं, चार मतं, चौघांना एकेक, यात गुप्त काय राहिलं?) आता दुसरा आकडा. नवऱ्याला बायको वर जायला नको होती, बायकोला नवरा, आणि मुलगा वर जायच्या वयाचाच नव्हता, कारण वर जायला तिशी ओलांडावी लागते. तेव्हा भांडण नको म्हणून तिघांनी दुसरा आकडा विहीणबाईंपुढे घातला. कुणालाच नको असलेली बाई सगळ्यांच्या दुसऱ्या पसंतीने निवडून आली! मी नातजावयाला म्हटलं, ही कसली पद्धत? तो खूश होऊन म्हणाला, यालाच सर्वमान्य उमेदवार म्हणतात.

धाकट्याच्या चुलीत मत द्यायच्या वयाची माणसं दोनच, तो आणि ती. त्याने स्वतःला दिलं, तिने स्वतःला दिलं. दुसरी पसंतीही एकमेकांना, म्हणजे पुन्हा बरोबरी. शेवटी उशीच्या अभ्र्यात दोन चिठ्ठ्या टाकून एक काढली, ती बायकोची निघाली. विधेयक आणलं धाकट्याने आणि वर गेली बायको. तेव्हापासून तो तिला 'सन्माननीय' म्हणतो आणि ती त्याला चहा दालनात बाकीच्यांबरोबर पाठवते. थोरल्याच्या चुलीतून तो आणि त्याची बायको, यात काही चर्चाच नाही, तिने दोघांचे आकडे घातले.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण वरच्या सभागृहात काही माणसं निवडायची नसतात, नेमायची असतात. कला, वाङ्मय, विज्ञान, समाजसेवा यांत नाव कमावलेली. नेमायचा अधिकार नातजावयाने स्वतःकडे ठेवला, कारण तो पाहुणा, म्हणजे निःपक्षपाती. (इतका लांबलेला पाहुणा निःपक्षपाती कसा, हे विचारायची सोय नाही, नात रडते.) कला आणि वाङ्मय मिळून समोरचा पाट्या रंगवणारा घेतला. तो अक्षरंही काढतो आणि फुलंही, एका माणसात दोन्ही विषय उरकले. समाजसेवेसाठी शेजारची भोंगाबाई. तिचं खरं नाव आता तिच्याही लक्षात नसेल. कुणाच्या घरी काय शिजलं, कोण पडलं, कुणाचं फिसकटलं, हे ती न मागता घरपोच करते. यापेक्षा मोठी समाजसेवा मला माहीत नाही. राहिली विज्ञानाची जागा. ती रिकामी आहे. तिच्याकडे मी येतेच.

मग अध्यक्ष. इथे मी फसले, बारके, आणि मी फसले हे मी फारसं कुणाला लिहीत नाही. वरच्या सभागृहाला अध्यक्ष लागतो. धाकटा उठला आणि म्हणाला, आईशिवाय या खुर्चीवर बसायला लायक कोण आहे? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधल्याने गल्ल्यावरची खुर्ची मोकळी केली, थोरल्याने तिच्यावर कोरी उशी ठेवली, सावरीच्या कापसाची, दुकानातली सगळ्यांत महाग. विहीणबाईंनासुद्धा हात जोडावे लागले. मला भरून-बिरून आलं नाही, पण उशी चांगली होती. मी बसले.

बैठक कुठे घ्यायची? दोन्ही सभागृहं एका जागी भरवायची नसतात, आणि दालन खालच्यांनी अडवलेलं. राहिला माळा. माळ्याला शिडी आहे. मी बसून बसून एकेक पायरी करत गेले, मला अपमान नको होता. भोंगाबाई बोलत बोलत चढली, तिला कळलंही नाही. विहीणबाई मात्र शिडीच्या मध्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, इथून पुढे शिडी नाहीच. होती, त्यांना दिसत नव्हती. खाली येईनात, वर जाईनात. शेवटी थोरल्याने आणि पाटीवाल्याने त्यांना कशीबशी खाली घेतलं, रस्त्यावर नेलं, एका जाड गादीवर बसवलं, गादीला दोर लावला आणि कप्पीने वर ओढायला घेतलं. रस्ता थांबला. विहीणबाई डोळे मिटून, हात जोडून, गोल गोल फिरत वर चालल्या होत्या, आणि खालून एका गिऱ्हाइकाने ओरडून विचारलं की या गादीची काय किंमत, भार तर भारीच पेलते. मधल्याने तशाही परिस्थितीत किंमत सांगितली आणि गिऱ्हाईक विहीणबाई खाली उतरेपर्यंत थांबतो म्हणाला. (थांबला. घेऊन गेला. त्या दिवशीचं तेवढंच कामकाज फायद्यात.)

वर सगळे बसले ते तयार गाद्यांच्या थप्प्यांवर. आपल्या गाद्या कशा असतात तुला ठाऊक आहे. माणूस बसला की आत जातो आणि आत गेला की झोपतो. थंड डोक्याने विचार करायचा तर डोकी इतकी थंड झाली की पहिल्या वाचनात पाटीवाला घोरायला लागला. देशाच्या वरच्या सभागृहातही माणसं झोपतात का असं मी नातजावयाला विचारलं. तो म्हणाला, तिथे बाकांवर झोपतात, आपल्याकडे सोय जास्त चांगली आहे. दुसऱ्या वाचनात थोरल्या सुनेने विचारलं की एवढी मोठी काच रोज पुसणार कोण? धाकटी म्हणाली, ज्यांना धूळ दिसते त्यांनी. तेव्हा सभागृह जागं झालं. मी दाभणाने खुर्चीच्या हाताला टकटक केली आणि दोघींना गप्प केलं. एवढा एक अधिकार आहे बघ छान.

मग मतं. विधेयकाच्या बाजूने धाकटीचा हात. विहीणबाईंचा हात, कारण माझी खिडकी गेली की त्यांना माझ्यापेक्षा जास्त बातम्या कळतील असा त्यांचा हिशेब. पाटीवाल्याचा हात, कारण नवीन काच म्हणजे नवीन पाटी. (यालाच म्हणे हितसंबंध म्हणतात, आणि ते नुसते सांगून टाकले की चालतात. त्याने सांगून टाकले.) विरोधात थोरली, काचेच्या धसक्याने. आणि भोंगाबाई, कारण तिला मिळणाऱ्या बातम्यांतल्या निम्म्या माझ्या खिडकीतून जातात. राहिला थोरला. माझा पहिला मुलगा, ज्याला मी या दाभणाने टाके घातलेल्या गादीवर वाढवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली दालनाकडे पाहिलं, जिथे भाऊ उभा होता, आणि म्हणाला, मी तटस्थ. हा शब्द त्याला कुणी शिकवला ते सांगायला नको. निम्मं ऐकू येणाऱ्या माणसाला बरोबर हाच ऐकू आला.

तीन विरुद्ध दोन. मी शांतपणे माझा हात वर केला. विरोधातला तिसरा, म्हणजे आता बरोबरी. नातजावई शिडीवर, डोकं वर काढून उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, आजी, अध्यक्षांना मत नसतं. बरोबरी झाली तरच असतं.

बारके, मी तो हात बराच वेळ तसाच वर ठेवला. खाली आणायचं सुचेना. धाकट्याने खालून टाळी वाजवली नाही, पण मला त्याच्या तोंडावर ती दिसली. त्याला आधीपासून ठाऊक होतं! म्हणून ती उशी. मला मतातून काढून मानात बसवली होती. मी विचारलं, अध्यक्षांना मग काय असतं? नातजावई म्हणाला, सभागृह चालवायचं, निकाल जाहीर करायचा, आणि गरज पडली तर बैठक तहकूब करायची. मी विचारलं, निकाल जाहीर केलाय का? तो म्हणाला, अजून नाही. मी म्हटलं, तहकूब. आणि शिडीवरून बसून बसून खाली आले आणि जाऊन खिडकीत बसले.

तेव्हापासून तहकूबच आहे. धाकटा रोज विचारतो, आई, बैठक कधी? मी सांगते, अध्यक्ष विचार करतायत. विहीणबाई पुन्हा गादीवर बसायला तयार नाहीत, हेही एक निमित्त आहे. पण असं किती दिवस चालणार? भिंतीवर खडूने रेघ मारून झाली आहे, ती माझ्या खिडकीच्या बरोबर मधून जाते. मी रोज पुसते, तो रोज मारतो.

आता विज्ञानाच्या जागेचं ऐक. धाकट्याला तिथे फोमवाल्या कंपनीचा एजंट बसवायचा आहे. तो चपटी बॅग घेऊन येतो, फोमच्या गादीवर अंडं ठेवतो आणि बाजूला उडी मारून दाखवतो की अंडं हलत नाही. याला धाकटा विज्ञान म्हणतो. (एकदा हललं. तो डाग घालवायला मला अर्धा दिवस लागला, ते विज्ञान कुणी पाहिलं नाही.) तो आला की चार विरुद्ध दोन, खिडकी गेलीच म्हणून समज. पण त्या जागेवर माझ्या बाजूचं कुणी आलं तर तीन विरुद्ध तीन. बरोबरी! मग अध्यक्षांचं मत, आणि ते कुणीकडे पडेल हे तुला सांगायला नको.

मी नातजावयाला तुझं नाव दिलं आहे. तो म्हणाला, विज्ञानातलं त्यांचं कार्य सांगा. मी सांगितलं. तू आबांचं भिंतीवरचं घड्याळ उघडून पुन्हा जोडलं होतंस, ते त्यानंतर उलटं चालायचं, पण चालायचं. स्टोव्ह तुझा आवाज ऐकून पेटायचा. दूध नासणार हे तू आदल्या संध्याकाळी वास घेऊन सांगायचीस. मुनीमाच्या टकलावर केस उगवायचा लेप तू बनवलास, आणि केस नाही उगवले, पण माशा बसायच्या थांबल्या. नातजावयाने विचार करून मान हलवली आणि म्हणाला, प्रयोगशील आहेत. म्हणजे पात्र ठरलीस. अट एकच, नेमणूक घेणाऱ्याची संमती हवी, ती त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. ज्याची आधी येईल त्याला जागा. एजंट परगावी फिरतीवर आहे. परत आला की सही करेल, त्याच्या खिशाला तीन पेनं असतात.

मुदत सहा वर्षांची आहे. मधेच कुणी काढू शकत नाही. खालचं सभागृह मोडलं तरी वरचं मोडत नाही, ते कायम असतं, फक्त काही माणसं ठरलेल्या वेळी निवृत्त होतात. कोण आधी निवृत्त होणार याच्या चिठ्ठ्या काढायच्या आहेत. तुझी चिठ्ठी अभ्र्यात जाणार नाही, एवढं मी बघते.

बाकी सर्व ठीक. पत्र इथेच पुरं करते, दाभण वाट बघतंय.

तुझी थोरली

ता. क. पत्र बंद करायच्या आधी नातजावयाला दाखवलं (पत्ता नीट आहे का एवढ्यासाठी). त्याने वाचून सांगितलं की वरच्या सभागृहाने विधेयक फेटाळलं आणि खालचं ऐकेना, तर दोघांची एकत्र बैठक बसते, आणि तिथे सगळी डोकी मोजतात. म्हणजे आपण जिंकलो तरी हरणारच. हे त्याला आधी सांगायला काय झालं होतं? म्हणाला, विषय ओघात आला नाही. तरी संमती पाठव. हरायचंच तर बरोबरी करून हरू.

आणखी एक. काल मी मागची खोली बघायला गेले, नावं ठेवता यावीत म्हणून. नावं ठेवायला जागा फार नाही. कोरडी आहे. न्हाणीघर पाच पावलांवर, शिडी नाही, पायरी नाही. मागच्या भिंतीला एक झडप आहे, ती उघडली तर बोळ दिसतो, आणि बोळात सोडलेला नवरा आणि टाकलेली बायको समोरासमोरच्या घरांत राहतात. पुढच्या रस्त्यावर महिन्यात ऐकू येत नाही तेवढं मी दिवे लागेपर्यंत ऐकून आले. पुढे तर तसंही समोर चार मजली इमारत उठते आहे, परवापासून मला फक्त विटा दिसतात. हे कुणाला बोललेली नाही, तूही बोलू नकोस. खिडकी मला नको आहे असं नाही. पण न विचारता दिलेली चांगली खोलीसुद्धा मी घेणार नाही, हे त्यांना कळायला हवं.

शेवटचं. विधेयकाला दुरुस्ती सुचवता येते, हे मी नातजावयाकडून काढून घेतलं आहे. दुरुस्ती अशी, की मागच्या खोलीत खाट एक आहे, ती दोन कराव्यात. दोरी लावून पाहिलं, बसतात, मधे तुझी ट्रंक राहते. ही दुरुस्ती मान्य झाली तर मी बाकीच्या काचेला हरकत घेणार नाही. थोरला या बाबतीत तटस्थ राहणार नाही, मी त्याच्या ऐकू येणाऱ्या बाजूने बोलले आहे. पण दुसऱ्या खाटेवर सभासद असल्याशिवाय ती मंजूर व्हायची नाही.

तेव्हा उत्तर तू द्यायचं. तुझ्या लेकांनी नाही, आणि सुनेने तर नाहीच. तिच्या गोल अक्षरात 'सर्व क्षेम' आलं तर मी ते सभागृहापुढे ठेवणार नाही, टराटरा फाडेन. अक्षर वाकडं येऊ दे, ओळ खाली घसरू दे, एकच शब्द आला तरी चालेल. पण हात तुझा पाहिजे.